घरच्या घरी तक्तपोशी: नागपूरच्या हवेत टिकेल असं लाकडी छत

छताला लाकूड लावायचं ठरवलं की नागपुरात आधी पंख्याचा विचार करावा लागतो, नक्षी त्याच्या मागून येते. मे महिन्यात पंखा आणि कूलर दोन्ही चालल्याशिवाय खोलीत बसवत नाही, आणि हेच दोघं वरच्या लाकडाला सगळ्यात जास्त छळतात. इंटरनेटवर दिसणारी बहुतेक लाकडी छतं थंड देशांतली असतात. तिथे छताला सहसा पंखा नसतो, आणि हवेचं गणितही आपल्यापेक्षा वेगळं असतं. ते मोजमाप जसंच्या तसं उचललं की पहिल्याच पावसाळ्यात फळ्या कमान करून खाली येतात.

या लेखात आपण १० बाय १२ फुटांच्या साध्या खोलीसाठी छत करणार आहोत. वर ४ इंची फळ्या, मधे दोन पोकळ तुळया, कडेने गोला, म्हणजे भिंत आणि छताचा कोपरा झाकणारी पट्टी. हातात ड्रिल, करवत आणि रंधा धरता येत असेल आणि सोबत एक माणूस असेल, तर हे काम घरच्या घरी जमतं.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट आणि वर माती असायची, म्हणजे लाकूड खरोखर भार झेलायचं. आपल्या घरात भार स्लॅब झेलतो. आपली तक्तपोशी फक्त स्वतःचं वजन सांभाळते, त्यामुळे जाडजूड लाकडाची काही गरज नाही. उलट जितकं हलकं तितकं बरं. कवेलूचं (कौलांचं) छत असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवा. तिथे वासे, उंदीर आणि गळती यांचं गणितच निराळं असतं.

आधी खोली तपासा

जमिनीपासून स्लॅबपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत आणि मधोमध मोजा. रिपा (फळ्या ठोकण्यासाठी स्लॅबला लावायच्या लाकडी पट्ट्या), पाचरी आणि फळी मिळून दोन-अडीच इंच जातात. पंख्याची पाती जमिनीपासून किमान ८ फुटांवर आणि फळ्यांपासून साधारण फूटभर खाली हवीत, नाहीतर पंखा फिरतो पण वारा देत नाही. साडेनऊ फुटांची खोली या हिशेबात जेमतेम बसते. त्याहून बुटकी असेल तर सगळ्या छताचा नाद सोडा आणि नुसता कडेने लाकडी पट्टा करा.

वरचा मजला असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी. स्लॅबला एक जरी ओला डाग दिसत असेल तर काम एक पावसाळा पुढे ढकला. लाकडाने झाकलेली गळती दिसत नाही, आणि दिसते तेव्हा वाळवी पोचलेली असते. इमारत पोस्ट-टेन्शन स्लॅबची असेल, म्हणजे आत ताणलेल्या तारा असतील, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय वर एकही भोक पाडू नका.

लाकूड कोणतं घ्यायचं

नागपूरकरांचं नशीब असं की चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान दाराशी आहे. बल्लारशा आणि आलापल्लीचं सागवान देशभर जातं. बाजारात त्याला अजून ‘सीपी टीक’ म्हणतात, मध्य प्रांत जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी. पण नवशिक्याने छतासाठी नवीन पहिल्या प्रतीचं सागवान घेऊ नये, असं माझं मत आहे. चौकटीला आणि दाराला लागतो तो दर्जा इथे वाया जातो. वर पाहताना गाठ दिसली तर कोणी नाक मुरडत नाही.

माझी पहिली पसंती जुन्या लाकडाला. पाडलेल्या घरांच्या कड्या, वासे, दारं यांचं सागवान वर्षानुवर्षं इथल्याच हवेत मुरलेलं असतं, म्हणून ते कमी खेळतं. एक काळजी घ्यायची: चिरायला देण्याआधी प्रत्येक कडीवरून लोहचुंबक फिरवा आणि आतले खिळे काढा. गिरणीवाल्याचं पातं तुटलं तर पुढच्या वेळी तो तुम्हाला दारात उभं करणार नाही.

दुसरी पसंती शिवण. हलकी, कापायला सोपी, रंगाने फिकट, आणि सुकल्यावर फारशी वळत नाही. पाइनही चालतं, फक्त वाळवी त्याच्यावर टपलेलीच असते. ऐनाचं लाकूड मजबूत, पण जड आणि वळणारं. छताला नकोच.

हिशेब घनफुटात करा. १२० चौरस फुटांसाठी ५ सूत जाडीची कच्ची फळी घेतली (१ सूत म्हणजे पाव इंचाचा निम्मा), रंधून ती ४ सूत राहते. जीभ-खाचेत (एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसते तो सांधा) जाणारी रुंदी आणि तुकड्यांचं नुकसान धरून फळ्यांना ८ घनफूट लागतं, रिपा आणि तुळया धरून एकूण ११ घनफूट. सागवानाचं असं पूर्ण छत सव्वाशे ते दीडशे किलो भरतं, पाइनचं त्यापेक्षा बरंच कमी. बिल मागून घ्या. सागवानाच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियम आहेत, आणि रस्त्यात विचारणा झाली तर कागद हातात असलेला बरा.

जीभ आणि खाच पाडण्यासाठी राउटर विकत घेऊ नका. लकडगंजमध्ये लाकूड घेतलं की मोल्डिंग मशीनवर फळ्या काढून देणारे आसपासच भेटतात. तिथून ४ इंच दर्शनी रुंदीच्या, एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच आणि दर्शनी कडांना छोटी तिरपी छाट मारलेल्या फळ्या काढून आणा. या छाटीमुळे दोन फळ्यांमध्ये व्ही आकाराची रेघ तयार होते. पुढे फट कमी-जास्त झाली तरी ती या रेघेत लपते. पण मशीनवर न्यायच्या आधी एक गोष्ट करायची आहे, आणि तिला दीड-दोन महिने लागतात.

सुकवणं

दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: “एकदम सुकेल हाय भाऊ, बिनधास्त न्या.” मनाला लावून घेऊ नका, तो त्याच्या जागी बरोबर आहे. त्याच्या शेडमध्ये ते सुकलेलंच असतं. तुमच्या खोलीत ते सुकलं आहे का, हा प्रश्न वेगळा.

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या घरात जाते. लाकूड हवेतला हा ओलावा पीत आणि सोडत राहतं. लांबीत त्याचा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र चांगलाच. लाकडातला ओलावा १ टक्क्याने बदलला की सपाट चिरलेली सागवानी फळी रुंदीत साधारण ०.२ टक्के बदलते. उन्हाळा ते पावसाळा ओलाव्यातला हा फरक ६ ते ८ टक्के धरा. ४ इंची फळीच्या रुंदीत त्याने साधारण अर्ध्या सुताचा, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १० फूट रुंदीत अशा ३० फळ्या आहेत. त्या एकमेकींना चिकटवून घट्ट बसवल्या, तर सगळ्यांचा मिळून दीड इंच फुगवटा कुठेतरी जायला हवा. भिंत हलत नाही, म्हणून फळ्या खाली येतात. तक्तपोशीचं सगळं कसब या दीड इंचाला जागा करून देण्यात आहे.

कूलरमुळे यात आणखी एक गंमत होते. बाहेर मे महिना कोरडाठाक असतो तेव्हा कूलरच्या खोलीत दमट हवा असते. अशा खोलीतलं लाकूड सर्वांत कोरडं मे महिन्यात नसतं. होळीच्या आसपास ऊन तापलेलं असतं आणि कूलर अजून माळ्यावरून उतरलेला नसतो, तेव्हा ते सर्वांत कोरडं असतं. एसीच्या खोलीत चित्र उलट, तिथे उन्हाळाभर कोरडंच.

म्हणून वेळापत्रक असं ठेवा: दसऱ्याच्या सुमारास लाकूड आणा, डिसेंबर-जानेवारीत बसवा. तेव्हा लाकूड दोन्ही टोकांच्या मधे असतं. पावसाळ्यात बसवलेल्या छतात होळीला फटी पडतात. मार्चमध्ये गच्च बसवलेलं छत जुलैत फुगतं, आणि हे दुसरं जास्त वाईट.

कच्च्या फळ्या त्याच खोलीत, जमिनीपासून चार बोटं वर, दर दोन फुटांवर आडव्या पट्ट्या घालून थरांनी रचा. भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका, त्या वाकतात. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर एका फळीचा हातभर तुकडा वेगळा काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर रविवारी त्याचं वजन लिहून ठेवा. लागोपाठ तीन रविवार वजन तेच आलं की फळ्या मशीनवर न्यायला तयार.

या काळात रिपांचं आणि फळ्यांच्या पांढऱ्या भागाचं काम उरका. सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण सालीजवळचं पांढरं लाकूड तिला आणि भुंग्याला आवडतं. एक भाग बोरिक अॅसिड आणि दीड भाग बोरॅक्स गरम पाण्यात विरघळवून ब्रशने दोन हात द्या. हातमोजे घाला, आणि लेकरांच्या हाती ते भांडं लागू देऊ नका.

पॉलिश खालीच

फळ्या मशीनवरून आल्या की वर चढवायच्या आधी पॉलिश करा. वर चढवून मान मोडत ब्रश मारण्यात शहाणपणा नाही, आणि कारण फक्त मानेचं नाही. फळी आक्रसली की जिभेचा लपलेला भाग उघडा पडतो. त्याला पॉलिश नसेल तर प्रत्येक सांध्यात पांढरी रेघ दिसते. म्हणून दर्शनी बाजू, पाठ, जीभ, खाच, टोकं, सगळीकडे किमान एक हात, आणि दर्शनी बाजूला दोन. पाठ कोरी ठेवली तर एकाच बाजूने ओलावा येतो-जातो आणि फळी पन्हाळीसारखी वळते. तापलेल्या स्लॅबखाली तर हमखास.

मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश नवशिक्याला सोपं. चकाकीचं पॉलिश छताला नको, रात्री प्रत्येक दिवा त्यात दोनदा दिसतो. जवसाचं तेल विदर्भात सहज मिळतं आणि सागवानावर देखणं दिसतं, पण तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, नागपूरच्या उन्हाळ्यात तर अधिकच. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. पॉलिश पेपर मारताना मास्क लावा. सागवानाची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते.

आखणी आणि पंखा

कर्ण मोजा. खोलीचे दोन्ही कर्ण सारखे भरले तर बांधणाऱ्या मिस्त्रीला मनातल्या मनात नमस्कार करा, असं क्वचितच घडतं. एकाच भिंतीवर विसंबू नका. मधोमध दोन काटकोनी रेघा दोरीने मारा आणि सगळं माप तिथून घ्या.

रचना अशी: रिपा १० फुटी बाजूला समांतर, दर १६ इंचांवर एक, म्हणजे एकूण १० ओळी. फळ्या त्यांना आडव्या, १२ फुटी बाजूने. दोन तुळया बरोबर ४ आणि ८ फुटांवर, रिपांच्या खाली. आता यातली सोय बघा. फळ्यांचे सांधे तुळयांखाली झाकले जातात, त्यामुळे १२ फूट लांब फळ्या लागतच नाहीत. ४-४ फुटांच्या पुरतात, आणि एक माणूस एका हाताने ती धरू शकतो.

तुळया सम संख्येतच घ्यायच्या. तीन घेतल्या तर मधली बरोबर पंख्याच्या हुकावर येते. दोन घेतल्या की तीन खण पडतात आणि पंखा मधल्या खणाच्या मध्यावर येतो. ४८ इंची पंख्याची पाती तुळयांच्या कडेपर्यंत पोचतात, म्हणून तुळई ४ इंचांहून खोल करू नका आणि पात्यांची पातळी फळ्यांपासून फूटभर खालीच ठेवा. त्यासाठी लांब रॉड लागेल. तो आधी आणून ठेवा.

पंखा स्लॅबच्या हुकालाच टांगायचा. लाकडाला त्याचा भार नको, धक्काही नको. फळीतलं भोक रॉडच्या कपाने झाकलं जाईल इतकंच, पण रॉड कुठेही लाकडाला घासणार नाही असं ठेवा. घासला तर रात्रभर कुरकुर ऐकावी लागते.

रिपा: इथे घाई नको

या टप्प्यात चूक झाली तर छत डोक्यावर येतं. तेव्हा सावकाश.

आधी पंखा उतरवा. तो आणि तारा सोडण्याचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. स्लॅबमधून वायरचे पाइप गेलेले असतात. पंख्याच्या डब्यातून ते स्विचबोर्डच्या भिंतीकडे कोणत्याही तिरप्या रेषेत निघू शकतात. लाइन चालू ठेवून वायर शोधायच्या यंत्राने रेघ आखून घ्या, तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच भोक पाडू नका, आणि मग त्या खोलीचा एमसीबी पाडून ड्रिलला दुसऱ्या खोलीतून लाइन घ्या.

रीप २ इंच रुंद, १ इंच जाड. दर दोन फुटांवर ८ मिलिमीटरचा लोखंडी फास्टनर, लांबी ७५ ते ८० मिलिमीटर, जाड पाचर येईल तिथे तितकी जास्त. प्लास्टिकची गिट्टी भिंतीवरच्या फोटोला ठीक आहे. छतात भार सरळ खाली ओढतो आणि गिट्टी हळूहळू सरकते. भोक पाडताना आधी भुसभुशीत प्लास्टर निघतं, मग राखाडी काँक्रीट लागतं. फास्टनरची पकड काँक्रीटमध्ये किमान ४० मिलिमीटर हवी, प्लास्टर त्यात मोजू नका. ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा. सळई लागली तर जोर करू नका, इंचभर सरकून दुसरं भोक घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, वरून पडणारी भुकटी सरळ बुबुळावर येते.

पहिली रीप बसली की तिला २० लिटरचा भरलेला पाण्याचा जार दोरीने टांगून तासभर ठेवा. जराही सरकली तर फास्टनर बदला. एकेका फास्टनरवर शेवटी तीन किलोसुद्धा येणार नाहीत, पण डोक्यावरच्या वस्तूला इतका जास्तीचा भरवसा हवाच.

पातळी लेव्हल पाइपने काढा. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढून टाका आणि चारी भिंतींवर एकाच पातळीची खूण करून दोरी ताणा. स्लॅब इंचभर खाली-वर असणं अगदी सामान्य आहे. रीप आणि स्लॅबच्या मधे फास्टनरजवळच पाचरी सारून रीप दोरीला आणा. पाचर फास्टनरपासून लांब असेल तर रीप मधे वाकते.

फळ्या चढवणं

दोन घोड्या आणि त्यांवर जाड फळी, असा ओटा करा. शिडीवर उभं राहून हे काम होत नाही. मदतनीस नसेल तेव्हा टी आकाराचा लाकडी टेकू करून फळीखाली उभा करा.

भिंतीपासून अर्धा इंच जागा सोडून पहिली ओळ लावा, खाच भिंतीकडे आणि जीभ तुमच्याकडे. तिन्ही खणांतली ओळ पूर्ण करून मगच पुढची, म्हणजे रेघा जुळतात. खिळा सव्वा इंची, जिभेच्या मुळाशी तिरपा, आधी बारीक भोक पाडून. प्रत्येक रिपेवर फक्त एक. पुढच्या फळीची खाच त्याला झाकते. एका कडेने धरलेली फळी दुसऱ्या कडेला मोकळी राहते आणि सुखाने फुगते-आक्रसते. फळीच्या मधोमध दुसरा खिळा मारायचा मोह आवरा, त्यानेच फळ्या चिरतात. फेविकॉल इथे अजिबात नाही.

दोन फळ्यांमध्ये हातोडीने गच्च सांधा करू नका. जुनं एटीएम कार्ड दोन ठिकाणी मधे धरा, फळी सरकवा, खिळा मारा, कार्ड काढा. ती फट पावसाळ्यासाठी आहे. दर पाच-सहा ओळींनंतर समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. फरक पडत असेल तर पुढच्या काही ओळींत केसाकेसाने वाटून टाका. सुरुवातीलाच हिशेब करून पहिली आणि शेवटची फळी रुंदीला सारखी निघेल असं बघा, नाहीतर एका कडेला बोटभर चिंधी उरते. शेवटची फळी समोरून खिळ्याने धरावी लागते. तो खिळा गोल्याखाली जातो.

तुळया, गोला, दिवे

तुळई म्हणजे तीन फळ्यांचा उलटा नळ: तळ ५ इंच, बाजू ४-४ इंच. कडा ४५ अंशांत कापून जोडल्या तर अखंड लाकूड वाटतं. ते जमत नसेल तर बाजूंची फळी तळाच्या सूतभर बाहेर ठेवा, ती पायरी मुद्दाम केल्यासारखी दिसते. इथे फेविकॉल भरपूर लावा आणि रात्रभर शिकंज्यात धरा. वर रिपेला अडीच इंची स्क्रूने ठोकळे बसवा, दर दोन फुटांवर एक, फळ्यांच्या सांध्यातून आरपार. तुळई त्यांवर चढवून बाजूने स्क्रू मारा. उद्या काढायची झाली तर स्क्रू सोडले की खाली येते.

गोला भिंतीला बसवायचा, फळीला नाही. फळ्या त्याच्या वर मोकळ्या सरकल्या पाहिजेत. कोपऱ्यात ४५ अंश चुकतात, कारण कोपराच ९० चा नसतो. गुण्याऐवजी दोन पट्ट्या कोपऱ्यात धरून खरा कोन उचला आणि त्याचा निम्मा कापा.

वायरिंग फळ्या लावायच्या आधीच पूर्ण हवं. प्रत्येक तार पाइपमध्ये, प्रत्येक जोड डब्यात, आणि तो डबा उघडता येईल अशी एक फळी स्क्रूने लावलेली. एलईडीचे ड्रायव्हर बंद पोकळीत कोंबू नका, तापतात. तुळईत ठेवा आणि तुळईच्या दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा सोडा. पोकळी कोरडी राहावी म्हणून दोन समोरासमोरच्या भिंतींकडे गोल्याखाली बारीक जाळीच्या फटी ठेवा. पालींना जाळी अडवते, बऱ्यापैकी.

पहिल्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या मध्याला, सांध्यांवरून हात फिरवा. कुठे फळ्या एकमेकींवर दाबलेल्या लागल्या तर फळ्यांना समांतर असलेल्या भिंतीचा गोला काढून भिंतीकडची फट तपासा. बहुतेक वेळा तिथे प्लास्टरचा खडा अडकलेला असतो. कामातून उरलेल्या चार-सहा पॉलिश केलेल्या फळ्या फेकू नका, त्याच खोलीत दिवाणाखाली आडव्या ठेवून द्या. पुढे एसीच्या पाइपसाठी किंवा नव्या दिव्यासाठी एखादी फळी बदलावी लागली, तर तोच रंग आणि त्याच मशीनची जीभ-खाच बाजारात परत मिळत नाही.